४५ जणांनी वाचलं, आलं कुणीच नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५७. दोन महिन्यांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून होईल, दुसऱ्या दिवशी घरी जाल, असं ठरलं होतं, पण थोडी गुंतागुंत झाली आणि सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. आमचा शाळेतल्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मला धरून ४६ जण. दहा वर्षं झाली त्याला. सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे काही ना काही चालूच असतं. ॲडमिट झालो त्या सकाळी मी तिथे लिहिलं, 'ऑपरेशनसाठी ॲडमिट झालोय. काळजीचं काही कारण नाही.' दिवसभरात ६० च्या वर मेसेज आले. फुलांचे गुच्छ, जोडलेले हात, 'गेट वेल सून'. बरं वाटलं. मग संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, सहाही दिवस गेले. एक माणूस आलं नाही. एकाचाही फोन नाही. त्यातले तिघे दवाखान्यापासून पायी येण्याच्या अंतरावर राहतात. त्या तिघांतला एक तर दहा वर्षं माझ्या शेजारी बाकावर बसलेला.

घरी आल्यापासून मला एक खोड लागली आहे. रात्री अंथरुणावर पडून मी तो मेसेज उघडतो आणि कोणी वाचला, किती वाजता वाचला, ती यादी बघत बसतो. सगळ्यांनी वाचलाय. मग ग्रुपवर पुढे काय काय झालं ते वाचतो. सगळे मजेत आहेत. एक-दीड वाजतो. सकाळी डोळे चुरचुरतात, मान आखडलेली असते, दिवसभर चिडचिड होते. बायको म्हणते, तो फोन एकदाचा फेकून द्या. मुलगी लांब असते, ती म्हणते, बाबा, ग्रुप सोडा आणि नवीन मित्र जोडा. या वयात असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण नवीन मित्र आता कुठून आणू? ग्रुप सोडू का? की ॲपच काढून टाकू?

— एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या मित्रांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आठवली आणि तो राग जागच्या जागी विरला. ती गोष्ट पुढे सांगते. तिसऱ्यांदा मात्र तुमच्या मेसेजमधल्या एका वाक्यापाशी अडकले. 'काळजीचं काही कारण नाही.'

त्या वाक्याकडे येण्याआधी, तुम्हाला जे लागलं त्याबद्दल. या वयात वाईट वाटून घेणं बरं दिसत नाही, असं तुम्ही लिहिता. का बरं दिसत नाही? आजारपणात आपलं माणूस उशाशी असावं असं वाटणं सातव्या वर्षी जितकं खरं, तितकंच सत्तावन्नाव्या वर्षीही खरं. आणि हा नुसता मनाचा मामला नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून तपासले होते. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांची इतरांशी घट्ट नाती होती, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. लठ्ठपणाबद्दल आणि बैठ्या आयुष्याबद्दल डॉक्टर आपल्याला एवढं बजावतात. या अभ्यासात माणसांच्या सोबतीचं पारडं त्यांच्यापेक्षा जड भरलं. म्हणून तुमच्या या दुखण्याला मी तब्येतीचंच दुखणं मानते आहे. तुम्हीही तसंच माना, म्हणजे त्याची लाज वाटणार नाही.

आता तुमचे मित्र.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या मुलामुलींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत एकटं बसवलं. एकमेकांशी बोलायचं ते माइक आणि हेडफोनवरून, तोंडं कुणाचीच दिसत नाहीत. बोलता बोलता त्यातल्या एकाला फिट येते, तो अडखळत, गुदमरत मदत मागतो. तो आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. हे फक्त मीच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के जण तो आवाज बंद पडायच्या आत मदतीसाठी उठले. आपल्याखेरीज आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के उठले. तिथे चौघंच होते. तुमच्या ग्रुपवर प्रत्येकाला आपल्याखेरीज आणखी चव्वेचाळीस जण दिसत होते.

त्या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट या टक्केवारीत येत नाही. जे उठले नाहीत ते निर्विकार नव्हते. प्रयोग करणारी व्यक्ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा कित्येकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि ते विचारत होते, त्याला काही झालं नाही ना? आतून हललेली माणसं जागेवर बसून राहिली होती, कारण जबाबदारी आपल्या एकट्यावर नाही असं वाटलं, की उठावं की थांबावं हेच ठरत नाही.

तुमच्या बाकावरच्या सोबत्याची ती सकाळ आता डोळ्यांसमोर आणा. तो फोन उघडतो. तुमचा मेसेज, आणि त्याच्याखाली आधीच वीस-पंचवीस गुच्छ. क्षणभर त्याच्या पोटात गोळा येतो. मग तो वाचतो, काळजीचं काही कारण नाही. इतक्या जणांनी विचारपूस केली आहे, कोणी ना कोणी जाणारच. आपण आत्ताच गेलो तर उगाच गर्दी, घरच्यांना त्रास. तोही एक गुच्छ टाकतो. तुम्ही त्याला फोन करून नुसतं म्हणाला असतात, 'मी ॲडमिट आहे रे', तर तो तासाभरात तिथे असता, असं मला फार वाटतं. खात्री देऊ शकत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण तुम्ही ओळखता.

आणि म्हणूनच ते वाक्य. तुम्ही लिहिलंत त्यात काही चूक नाही, आपण सगळे तसंच लिहितो. घाबरलेला माणूसच आधी दुसऱ्यांना धीर देतो. समोरासमोर असताना हे चालून जातं, कारण 'मी ठीक आहे' म्हणताना आवाज कापतो, नजर खाली जाते, आणि समोरचा शब्दांवर विश्वास न ठेवता चेहऱ्यावर ठेवतो. लिहिलेल्या ओळीत तो चेहरा जात नाही. तुमच्या मनात होतं 'या', आणि स्क्रीनवर उमटलं 'येऊ नका'. तुमच्या मित्रांनी स्क्रीनवरचं वाचलं.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीने दोनच शब्द लिहिले, 'आई गेली.' मी तेव्हा प्रवासात होते. जोडलेले हात टाकले, खाली एक ओळ लिहिली, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनावरचा भार उतरला. आपण आपलं कर्तव्य केलं असं वाटलं. उतरल्यावर फोन करायचा असं ठरवलं होतं, तो राहिला तो राहिलाच. सात-आठ महिन्यांनी ती भेटली तेव्हा म्हणाली, 'त्या रात्री तीस जणींनी हात जोडले आणि मी घरात एकटी होते. कुणाचा फोन आला असता तर मी उचलला असता की नाही, सांगता येत नाही. पण तो वाजलेला मला ऐकू आला असता.'

हे मी अजून विसरलेले नाही. माझं तिच्यावर प्रेम होतं, आहे. ते चिन्ह टाकलं नसतं, तर मनातली टोचणी तशीच राहिली असती आणि तिनेच मला फोन करायला लावला असता. चिन्ह टाकल्याबरोबर टोचणी गेली. काळजी केल्याची पोचपावती मला माझ्याच हातून मिळाली, आणि काळजी करायची राहूनच गेली. ग्रुपवरच्या मैत्रीत माझ्या मते घोटाळा होतो तो इथे. माणसं आटत नाहीत, त्यांच्या मनातली ती टोचणी फार लवकर शमते.

तर, तुमच्या रात्री. आधी त्या सुधारायला हव्यात, कारण अर्धवट झोपलेल्या माणसाला कुणीच आपलं वाटत नाही.

तुम्ही जी यादी बघता, तिच्यातून तुम्हाला काय कळतं? की अमुक माणसाच्या फोनवर अमुक वाजता तो मेसेज उघडला गेला. निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या. एकमेकांतल्या गप्पांपुरती ती खूण बंद ठेवता येते, ग्रुपमध्ये तशी सोय नाही, त्यामुळे तिथे प्रत्येकाची वेळ उघडी पडते. पण वाचणारा तेव्हा गाडीत होता, कामात होता, की स्वतःच्याच एखाद्या रिपोर्टची वाट बघत बसला होता, हे त्या यादीत नसतं. वेळेच्या आकड्यावरून तुम्ही माणसाचं मन वाचायला बघताय आणि रोज रात्री तोच एक अर्थ लावताय. ती यादी आता दोन महिने जुनी आहे. तिच्यात नवीन काही येणार नाही.

आणि तरी हात तिकडे जातो, याचं कारण तुमचा दुबळेपणा नाही. बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं होतं की टोचल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा काही नेम नसला, की कबूतर टोचतच राहतं, आणि दाणे पुरते बंद झाले तरी कितीतरी वेळ थांबत नाही. ग्रुप उघडल्यावर कधी तुमचं नाव निघतं, कधी नाही. एखाद्या रात्री कुणीतरी विचारेल, 'अरे, आता कसा आहेस?' या आशेवर तुम्ही रोज एक वाजेपर्यंत जागता आहात. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त हेच लागलं.

फोनच्या उजेडाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. त्यात तथ्य आहे. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ जणांना काही रात्री झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचायला दिलं आणि काही रात्री मंद दिव्यात छापील पुस्तक. पडद्यावर वाचल्यावर झोपेला मदत करणारं मेलाटोनिन कमी झालं, झोप लागायला सुमारे १० मिनिटं जास्त लागली आणि सकाळी सुस्ती जास्त राहिली. पण बघा, चार तास वाचून १० मिनिटं. तुमचे रात्रीचे दोन-दोन तास जाताहेत. ते उजेडाने खाल्लेले नाहीत, वाट बघण्याने खाल्ले आहेत. त्यामुळे पडदा पिवळसर करण्याच्या सोयीने तुम्हाला फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही.

एकच करा. रात्री दहा वाजता फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. मुलीचा फोन रात्री-अपरात्री येईल ही धास्ती असेल, तर आवाज मोठा ठेवा आणि मेसेजचे आवाज तेवढे बंद करा. फोन वाजला तर ऐकू येईल. गजरासाठी साधं घड्याळ आणा. निश्चयावर विसंबू नका. रात्री बारा वाजता दमलेल्या माणसाचा निश्चय टिकत नाही, अंतर टिकतं. पहिले तीन-चार दिवस झोप येणार नाही, हात उशाखाली चाचपेल. तेव्हा उठून बसा, काहीतरी छापील वाचा, पण त्या खोलीत जाऊ नका.

डोळ्यांचं आणि मानेचं थोडक्यात सांगते. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावून बघताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येतं, डोळ्यांवरचा पाण्याचा थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. रात्रीचा फोन सुटला की यातलं बरंचसं आपोआप जाईल. दिवसा बघताना दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या. मानेचं असं की डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास असतं. उशीवर मान मोडून पडलं की ते पेलायचं काम तासन् तास त्याच स्नायूंना करावं लागतं. बसून बघा, फोन डोळ्यांच्या उंचीला धरा. मानेतली कळ हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता मुख्य गोष्ट. ग्रुप सोडू नका. ॲपही काढू नका. ग्रुपमधून बाहेर पडलात की त्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते, इतरांच्या ते कधीतरी लक्षात येईल, दोघं-तिघं विचारतील काय झालं, तुम्ही 'काही नाही' म्हणाल, आणि तो विषय तिथेच मिटेल. तुम्ही पुन्हा एकदा येऊ नका असं सांगितलेलं असेल. शिवाय ग्रुपचा एक खरा उपयोग आहे: कोण कुठे आहे, कुणाकडे काय झालं, याची खबर तिथे लागते. ज्यांना ऐकू कमी येतं, जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तर लिहून बोलणं हा मोठाच आधार आहे. तेव्हा ग्रुपला खबरीचं काम करू द्या. त्याच्या सूचना बंद करा, दिवसातून एकदा, उजेडी, दहा मिनिटं बघा. सोबतीचं काम त्याच्याकडून होणार नाही. ते एकेकाशीच होतं.

ते तिघे, जे पायी अंतरावर आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि तिघांतही आधी बाकावरच्या सोबत्याला. मेसेज करू नका, फोन करा. आवाजाने काय होतं ते सांगते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लेस्ली सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावली, त्या चांगल्याच घाबरल्या. मग काहींना आईला भेटू दिलं, काहींना आईशी फोनवर बोलू दिलं, काहींना आईशी टाइप करून बोलायला दिलं आणि काही एकट्याच बसल्या. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक उतरलं, आपुलकीशी जोडलं जाणारं ऑक्सिटोसिन वाढलं. टाइप करून बोललेल्या मुलींचे आकडे एकट्या बसलेल्या मुलींसारखेच राहिले. आई तीच होती, तिची मायाही तीच होती, फक्त तिचा आवाज पोहोचला नव्हता. त्या मुली लहान होत्या, तुम्ही ५७ वर्षांचे आहात, हे मला कळतं. पण तुमच्याकडेही ६० मेसेज आले होते आणि त्यातला एकही आवाज नव्हता.

फोन करायचा म्हटल्यावर तुमच्या मनात येईल, इतक्या दिवसांनी काय बोलायचं, विचित्र वाटेल. सगळ्यांनाच तसं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना जुन्या ओळखीच्या माणसाशी पुन्हा संपर्क करायला लावला होता, काहींना ईमेलने, काहींना फोनने. फोनवर अवघडल्यासारखं होईल, असा लोकांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात फोन करणाऱ्यांना ईमेलवाल्यांपेक्षा जास्त अवघडलेपण वाटलंच नाही, जवळीक मात्र जास्त वाटली.

काय बोलायचं ते मी सांगते, शब्द तुमचे वापरा. 'अरे, मी बोलतोय. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, एकट्याला कंटाळा येतो. उद्या सकाळी साडेसहाला तुझ्या दारात येऊ का?' बस, एवढंच. 'भेटू कधीतरी' म्हणायचं नाही. दिवस सांगायचा, वेळ सांगायची. आणि किती चालायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं, मित्राबरोबर आहात म्हणून अंतर वाढवायचं नाही. बरोबर चालण्यातली एक गंमत मला नेहमी जाणवते: दोघंही समोर बघत असतात, त्यामुळे तोंडावर जे बोलवत नाही ते चालता चालता निघतं. तुम्ही पुरुष मंडळी तर असंच बोलता, माझ्या घरातही मी तेच बघितलंय.

पहिल्या दिवशी तक्रार करू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, तो स्वतःच 'तेव्हा यायला जमलं नाही रे' म्हणेल. म्हणाला की 'असू दे, असू दे' म्हणून झाकू नका. खरं सांगा. 'वाट बघत होतो तुझी. वाईट वाटलं मला.' हे वाक्य जड जाईल. पण ते बोलल्याशिवाय ती यादी तुमच्या डोक्यातून जाणार नाही, आणि त्यालाही कळणार नाही की पुढच्या वेळी यायचं असतं. तो त्यावर गप्प बसला, विषय बदलला, तर दुसऱ्याला फोन करा, मग तिसऱ्याला. तिघांनीही टाळलं तर मला पुन्हा लिहा. मग मी तुमच्या मुलीच्या बाजूने बोलेन.

तिचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण तिला एक हिशेब ठाऊक नसावा. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये असा अंदाज मांडला की नुसती ओळख कामचलाऊ मैत्रीपर्यंत यायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक. नवीन मित्र जरूर जोडा, पण ते २०० तास तुम्हाला पहिल्यापासून भरावे लागतील. बाकावरच्या सोबत्याबरोबर तुमचे असे हजारो तास शाळेतच भरून झाले आहेत. ते वाया जाऊ देण्याआधी एक फोन तरी करून बघा.

आणखी एक. ग्रुपवर पुढच्या वेळी कुणीतरी लिहील, 'ॲडमिट आहे, काळजी नसावी.' त्या दिवशी तुम्ही गुच्छ टाकू नका. मनातली टोचणी तशीच राहू द्या आणि तिच्या जोरावर फोन करा. जवळ असेल तर जा. कुणी गेलं असेल का, हा विचारही करू नका. तुम्हाला आता ठाऊक आहे की बहुधा कुणीच गेलेलं नसतं.

ऑपरेशननंतर काही दिवस मन उतरतं, हे पुष्कळांचं होतं. पण दोन आठवडे उलटूनही दिवसाचा बराच वेळ उदास जात असेल, जेवणावरची वासना गेली असेल, फोन दुसऱ्या खोलीत ठेवूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांशी बोला आणि त्यांना 'काळजीचं काही कारण नाही' असं मात्र सांगू नका.

शेवटी जे सांगायचं आहे ते थोडं कठीण आहे, रागावू नका. तुमच्या पत्रात ४५ मित्र आहेत, त्यांचे ६० मेसेज आहेत, तिघांच्या घरांचं अंतर आहे. तुमच्या पत्नीला एक वाक्य आहे, आणि त्यातही त्या फोन फेकायला सांगताहेत. ते सहा दिवस तुमच्या खाटेशेजारी कोण होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या असाव्यात, असं मी धरून चालते. गुंतागुंत झाली असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही भुलीत असाल, ते शब्द बहुधा त्यांनी एकटीने ऐकले असतील. आणि गेले दोन महिने रोज रात्री एक वाजेपर्यंत त्यांच्या शेजारी तुमच्या फोनचा उजेड असतो.

आज रात्री फोन बाहेर ठेवून आत गेलात, की त्यांना विचारा, त्या सहा दिवसांत त्यांना कुणाचा फोन आला होता का.